सॅच्युरेशन ९७, म्हणून मी ‘स्थिर’ लिहिलं

पीआयसीयूची, म्हणजे मुलांच्या अतिदक्षता विभागाची, पोस्टिंग लागली की कॅन्सरच्या मुलांच्या फुफ्फुसांची धास्ती वाटतेच. मला आजही वाटते. न्यूट्रोपेनिया (न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी कमी होणं), ताप, कल्चर (रक्तातले जंतू शोधणं), लगेच अँटिबायोटिक, हे तुम्हाला येतं. मी जिथे फसले तेवढंच सांगते, जरा लांबण लावून.

सहा वर्षांचा मुलगा, एएमएल (रक्ताचा कॅन्सर), केमोनंतर न्यूट्रोफिल १०० च्या खाली, हाय फ्लोवर, म्हणजे नाकातून जोराच्या ऑक्सिजनवर. रात्री दहाला एफआयओटू (दिलेल्या हवेतला ऑक्सिजनचा वाटा) ०.४, सॅच्युरेशन (रक्त ऑक्सिजनने किती टक्के भरलंय) ९७. बाराला ०.५, ९७. तीनला ०.७, तरी ९७. तिन्ही वेळा मी नोट्समध्ये ‘स्थिर’ लिहिलं. एकच्या सुमारास सिस्टर म्हणाल्या होत्या, “मॅडम, हा आज बोलत नाहीये.” दिवसभर पाणी मागणारा मुलगा नुसती मान हलवत होता. मी मॉनिटरकडे बघितलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. पहाटे पाचला तो दमला. घाईत श्वासनलिकेत नळी टाकताना हृदयाचे ठोके ५० वर आले.

आता हिशेब स्वतःच्या हाताने करा. ९७ भागिले ०.४, साधारण २४२. ९७ भागिले ०.७, साधारण १३९. मॉनिटरवरचा आकडा जागचा हलला नाही आणि पाच तासांत फुफ्फुसाची ताकद जवळपास निम्म्यावर आली. ऑक्सिजन वाढवून तो ९७ मीच टिकवून धरला होता. सॅच्युरेशन ९७ च्या वर असेल तर हा भागाकारही फसवतो, कारण तिथे सॅच्युरेशन आणि रक्तातल्या ऑक्सिजनच्या दाबाचा वक्र सपाट असतो. तो दाब १५० असो की ३००, मॉनिटर ९९-१०० च दाखवणार. म्हणून आधी एफआयओटू उतरवून सॅच्युरेशन ९७ किंवा थोडं खाली आणा, मग भागा. नॉन-इन्व्हेसिव्ह व्हेंटिलेशनवर (नळीशिवाय, मास्कने दिलेल्या श्वासावर) भागाकार १५० किंवा त्याखाली असला तर मुलांच्या फुफ्फुस-इजेच्या २०२३ च्या पॅलिक निकषांत तो गंभीर गट आहे. दर तासाला एका ओळीत लिहा: एफआयओटू, श्वासाचा वेग, भागाकार. मोबाइलमधल्या स्कोअरच्या अ‍ॅपवर माझा विश्वास नाही. हाताने लिहिलं की उतरण डोळ्यांना दिसते.

एक्स-रे जवळजवळ स्वच्छ होता, त्यानेही मला गाफील ठेवलं. एक्स-रेवरची सावली बऱ्याच अंशी न्यूट्रोफिलच्या गर्दीची असते. पेशीच नाहीत, तर सावली कुठून दिसणार? सीटीत बुरशीच्या गाठी निघाल्या. पुढे काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींचे आकडे, वर यायला लागले आणि श्वास पुन्हा बिघडला, तेव्हा मी हादरले. पेशी परतल्या की फुफ्फुसातली सूज भडकू शकते. तरी नवा संसर्ग, जास्तीचं पाणी आणि रक्तस्राव शोधल्याशिवाय सगळं काउंटवर ढकलू नका.

प्लेटलेट चढवल्यावर पहिले सहा तास श्वासावर नजर हवी. न्यूमोनिया टाळण्यासाठी दिलेल्या कोट्रायमॉक्साझोलचे डोस चुकले का, ते आईला विचारा. फाइलपेक्षा तिला जास्त माहीत असतं. आणि छातीत मेडियास्टिनल गाठ (दोन फुफ्फुसांच्या मधली) असलेल्या मुलाला सीटीसाठी आडवं करून गुंगी द्यायची नाही. कुणी कितीही घाई केली तरी नाही. सिनियर भूलतज्ज्ञ आल्याशिवाय त्याला हलवूसुद्धा नका.

गुरू निवडायची सोय असेल तर फोनवर एक्स-रेचा फोटो बघून सल्ला देणारा निवडू नका. पांघरूण बाजूला करून मुलाच्या बरगड्या बघणारा शोधा. “केमोचं मूल व्हेंटिलेटरवर गेलं की संपलं,” असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका. ते जुन्या दिवसांचं बोलणं आहे. यातली कितीतरी मुलं घरी जातात. नळीची वेळ दुपारी, शांतपणे, सिनियर शेजारी असताना ठरवली तर तुमचेही हात कमी थरथरतील.

त्या मुलाची नळी सोळाव्या दिवशी निघाली. घोगऱ्या आवाजात त्याने पहिलं पाणीच मागितलं. सिस्टरनी ओल्या कापसाने त्याचे ओठ टिपले, आणि मी कागदावर त्या तासाची ओळ लिहिली.