नोडमध्ये एपीआयचे लॉग लिहिताना या चुका टाळा

लासलगाव, पिंपळगावचे कांद्याचे भाव मोबाईलवर दाखवणाऱ्या अ‍ॅपचा सर्व्हर आम्ही नाशकात बसून सांभाळतो. तो नोडवर, म्हणजे सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रणालीवर, चालतो. अ‍ॅप त्याच्याकडे एपीआयमार्फत भाव मागतं (ही रिक्वेस्ट) आणि त्याची नोंद लॉगमध्ये होते. एके दिवशी निफाडकडच्या एका शेतकरीदादांचा फोन आला, "साहेब, सकाळी साडेनऊला भाव बघायला बसलो, नुसतं गोल गोल फिरतंय."

लॉगमध्ये साडेनऊची एकही नोंद सापडेना. पहिली गोम वेळेतच होती. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, चालतो आणि आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे शोधायला हवं होतं ०४:०० ला. लॉग यूटीसीत असणं चांगलंच, पण वेळेच्या शेवटी 'झेड' (यूटीसीची खूण) छापलेला हवा, म्हणजे बघणारा फसत नाही.

चारच्या नोंदी काढल्या, तरी दादांची रिक्वेस्ट गायब! खरी चूक इथे होती. आम्ही नोंद करायचो रिस्पॉन्सच्या (सर्व्हरच्या उत्तराच्या) 'फिनिश' इव्हेंटवर, म्हणजे नोड देतो त्या सूचनेवर. उत्तराचा शेवटचा तुकडा ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली झाला की फिनिश येतो. पण समोरच्याने कंटाळून अ‍ॅप बंद केलं आणि कनेक्शन तुटलं, तर तो येतच नाही, फक्त 'क्लोज' येतो. म्हणजे ज्यांना त्रास झाला, नेमक्या त्यांच्याच नोंदी आमच्याकडे नव्हत्या. तेव्हा ओळ 'क्लोज'वर लिहा आणि तिथे 'रायटेबलफिनिश्ड' (उत्तर पूर्ण लिहून झालं का) तपासा. ते खोटं असेल तर माणूस उत्तराआधीच निघून गेला असं समजा. नोडच्या पुढे एनजिनएक्स हा मध्यस्थ सर्व्हर असेल तर त्याच्या लॉगमध्ये अशा ठिकाणी ४९९ हा कोड दिसतो, तोही जुळवून बघा.

त्याच ओळीत किती मिलिसेकंद लागले तेही टाका. मोजायला 'डेट' नको, कारण सर्व्हरचं घड्याळ मध्येच दुरुस्त झालं की आकडा उणेसुद्धा येतो. 'परफॉर्मन्स डॉट नाऊ' वापरा. हे आकडे दिसायला लागले तेव्हा कळलं, भावाची क्वेरी (डेटाबेसला केलेली विचारणा) इंडेक्सविना, म्हणजे शोधसूचीविना, अख्खं टेबल चाळत होती.

अडचण सापडत नाही म्हणून रिक्वेस्टची अख्खी बॉडी (आतला मजकूर) आणि सगळे हेडर (सोबतची माहिती) छापणं ही मला सर्वांत गंभीर चूक वाटते. त्यात ओटीपी, बँक खातं, ऑथरायझेशनचा टोकन, सगळं साध्या फाइलीत जाऊन पडतं. शेतकऱ्याने विश्वासाने दिलेली माहिती आहे ती. पिनो या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीत 'रिडॅक्ट'ची, म्हणजे ठरावीक फील्ड झाकण्याची, सोय आहे, ती लावाच. पण काय लपवायचं यापेक्षा काय छापायचं याची यादी केलेली बरी, कारण उद्या नवं फील्ड आलं की लपवायची यादी अपुरी पडते.

बॉडी 'अनडिफाइन्ड' (म्हणजे काहीच नाही) येत असेल तर बहुधा तुमचं मिडलवेअर (हँडलरआधी चालणारं फंक्शन) बॉडी उलगडणाऱ्या 'एक्सप्रेस डॉट जेसन'च्या आधी ती वाचतंय. स्वतः बॉडीचा स्ट्रीम (एकदाच वाचता येणारा प्रवाह) वाचायला जाऊ नका, पुढच्या हँडलरला काही उरणार नाही.

'कन्सोल डॉट लॉग' फाइलीत वळवलेला असेल तर ते लिखाण सिंक्रोनस असतं, म्हणजे ते संपेपर्यंत बाकी काम थांबतं. गर्दीच्या वेळी इव्हेंट लूप (नोडची सगळी कामं एकेक करून उरकणारं चक्र) तिथेच अडकतो.

आणि प्रत्येक रिक्वेस्टला क्रमांक द्या. नोडच्या 'असिंकलोकलस्टोरेज'मध्ये (त्या रिक्वेस्टपुरत्या साठवणीत) ठेवला की डेटाबेसच्या ओळीपर्यंत तोच क्रमांक पोचतो, फंक्शन-फंक्शनला हातात द्यावा लागत नाही. आम्ही त्याचे शेवटचे सहा अंक अ‍ॅपच्या एरर स्क्रीनवर दाखवतो. आता दादा फोनवर तेवढे अंक वाचून दाखवतात आणि त्यांची ओळ लगेच समोर येते.