मे महिन्यात चोर्ला घाट: पाणी, मीठ आणि ओला मोजा

गोव्यातल्या साखळी गावाहून चोर्ला घाटाने बेळगावकडे सायकल काढायची तर पहाटे पाचला निघा आणि साडेदहाच्या आत सावली गाठा. गोव्यातला उन्हाळा पाऱ्यापेक्षा दमटपणाने मारतो. घाम सुकतच नाही, मग अंग थंड होणार कसं?

पाणी तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर, दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन-तीन घोट. घाम गाळत नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस ती तहान समजून आणखी पाणी पितो. म्हणून दोनपैकी एका बाटलीत जलसंजीवनी ठेवा: एक लिटर पाण्याला सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने नको. चवीला कोकमाचं आगळ घालत असाल तर ते आधीच खारट असतं, वरचं मीठ कमी करा.

बाटलीवर ओला सुती मोजा चढवायची युक्ती किनाऱ्यावर फारशी चालत नाही. घाट ओलांडून कोरडी हवा लागली की मात्र पाणी खरंच गार राहतं.

परतीच्या उतारावर रिम ब्रेक (चाकाच्या कडेला, म्हणजे रिमला घासणारे) सतत धरून ठेवू नका. रिम तापते, ट्यूबमधला दाब वाढतो, पंक्चरचं जुनं ठिगळ सुटतं. वळणाआधी नीट दाबा, मग पूर्ण सोडा.

चेनला कोरडं वंगण. जाड तेलावर तांबडी धूळ बसली की तिचा पॉलिशपेपर होतो.