घरातलं कार्बन उत्सर्जन कमी करायचंय? आधी बारा महिन्यांची बिलं काढा

प्लास्टिकचा चमचा नको म्हणणारी, मोबाइलचा चार्जर आठवणीने बंद करणारी माणसं वर्षातून दोनदा विमानाने दिल्लीला जाऊन येतात आणि एसीत दर उन्हाळ्यात गॅस भरून घेतात. वाईट हेतू कुणाचाच नसतो. कशाचं ओझं किती, हे कधी मोजलेलंच नसतं, म्हणून असं होतं. तेव्हा सुरुवात मोजण्यापासून करायची.

पहिलं काम: हिशेब मांडा

वीजबिलावर मागच्या महिन्यांचा वापर युनिटमध्ये छापलेला असतो. सिलिंडर किती लागले ते गॅस बुकिंगच्या ॲपवर दिसतं. पेट्रोलचा अंदाज पैशांवरून काढता येतो. मग हे गुणाकार करा:

- विजेचं एक युनिट: साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड (आपली बरीचशी वीज अजून चंद्रपूर, कोराडी, भुसावळसारख्या कोळशाच्या केंद्रांतून येते)
- १४.२ किलोचा एक सिलिंडर: सुमारे ४२ किलो
- एक लिटर पेट्रोल: सुमारे २.३ किलो; डिझेल असेल तर २.७
- मुंबई–दिल्ली विमानप्रवास, एका माणसाचा एका दिशेने: ढोबळमानाने १०० किलो

समजा, ठाण्यातलं चौघांचं कुटुंब आहे. महिन्याला १८० युनिट वीज, वर्षाला ८ सिलिंडर, गाडीला महिन्याला ४० लिटर पेट्रोल आणि सुट्टीत एकदा चौघांची विमानाने दिल्लीवारी. विजेचे झाले १,५०० किलो, गॅसचे ३४० च्या आत, पेट्रोलचे १,१०० आणि त्या एका सहलीचे ८००. म्हणजे वर्षभराच्या स्वयंपाकाच्या दुपटीहून जास्त कार्बन एका सुट्टीत गेला. तुमच्या घराचे आकडे वेगळे येतील, पण कुठे हात घालायचा ते कागदावर दिसेल. सर्वांत मोठ्या दोन आकड्यांवर काम करा आणि बाकीचं सध्या सोडून द्या.

एसी असेल तर त्याच्याकडे नीट बघा

या हिशेबात न दिसणारी एक गोष्ट आहे: एसीतला गॅस. हवेत सुटलेला एक किलो आर-४१०ए (बऱ्याच जुन्या एसीतला गॅस) शंभर वर्षांच्या हिशेबात सुमारे २,०८८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. नव्या एसीतला आर-३२ बराच बरा, तरी ६७५. काही कंपन्या आर-२९० म्हणजे प्रोपेन वापरतात, त्याचा आकडा अगदी किरकोळ आहे. दीड टनाच्या स्प्लिट एसीत साधारण किलोभर गॅस असतो. रोज रात्री ७ युनिट धरून एसी तीन महिने चालवला, तर विजेपोटी ४४० किलो कार्बन होतो. जुन्या एसीतला गॅस एकदा पूर्ण गळला, तर एका झटक्यात दोन टन!

म्हणून ‘गॅस कमी झालाय, भरून टाकतो’ असं मेकॅनिक म्हणाला की थांबवायचं. एसीचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. बहुतेकदा ती तांब्याच्या पाइपच्या जोडावर किंवा गंजलेल्या कॉइलमध्ये सापडते. किनाऱ्यालगतच्या घरांत खारी हवा कॉइल लवकर खाते. मेकॅनिकला सांगा, आधी नायट्रोजन भरून प्रेशर तपासा, जोडांवर साबणाचा फेस लावून गळती शोधा, ती बुजवा, व्हॅक्यूम पंप लावा आणि मगच गॅस भरा. पैसे थोडे जास्त जातील, पण पुढच्या वर्षी तोच खर्च पुन्हा होणार नाही.

घर बदलताना एसी काढायचा असेल, तर पाइप सोडवण्याआधी ‘पंप डाऊन’ करायला सांगा. त्यात सगळा गॅस आउटडोअर युनिटमध्ये गोळा होतो. चांगल्या मेकॅनिकला हे माहीत असतं. घाईत असलेला नट सैल करून गॅस सरळ हवेत सोडून देतो, म्हणून समोर उभं राहा. जुना एसी किंवा फ्रिज भंगारवाल्याला देऊ नका, तो पाइप कापूनच नेतो. अधिकृत ई-कचरा केंद्राला द्या आणि गॅस काढून घेतात का ते विचारा.

बाकी, २४–२६ अंशांवर एसी ठेवून पंखा लावणं हे सगळे सांगतातच, आणि ते खरं आहे.

पंखे

जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या) मोटरचा ३० च्या आसपास. दिवसाला १४ तास आणि वर्षात ३०० दिवस धरले, तर एका पंख्यामागे जवळपास १९० युनिट, म्हणजे १३० किलो कार्बन वाचतो. सगळे एकदम बदलू नका. जो सर्वांत जास्त फिरतो तो आधी, म्हणजे बहुधा हॉलमधला किंवा आजी-आजोबांच्या खोलीतला. बीएलडीसी पंखा बहुधा रिमोटवर चालतो, त्यामुळे भिंतीवरचा जुना रेग्युलेटर इलेक्ट्रिशियनकडून काढून थेट जोडणी करून घ्या, नाहीतर तो कुरकुरतो.

गीझरचं तापमान ५० अंशांवर आणा. नळाला गार पाणी मिसळूनच आंघोळ करायची, तर ६५ अंशांपर्यंत तापवायचं कशाला?

स्वयंपाकघरात घाई नको

इथे मी प्रचलित सल्ल्याच्या थोडा विरोधात आहे. ‘गॅस सोडा, इंडक्शन घ्या’ हा सल्ला जिथली वीज स्वच्छ आहे तिथे बरोबर आहे. आपल्याकडे आजच्या विजेवर तेवढीच उष्णता पातेल्यात पोहोचवायला इंडक्शनचा कार्बन गॅसच्या जवळपास दुप्पट पडतो, कारण कोळशातली बरीचशी ऊर्जा वीजकेंद्रातच वाया जाते. घरात धूर-वाफ कमी हवी असेल तर इंडक्शन जरूर घ्या, पण हवामानासाठी घेत असाल तर आधी छतावर सोलर बसवा आणि भात दुपारी लावा. तोवर आपली जुनी शिस्तच बरी: डाळ-कडधान्यं भिजवून शिजवायची, कुकरमध्ये एकावर एक डबे लावायचे आणि शिटी झाली की आच मंद करायची.

गाडी आणि प्रवास

लिटरला ४५ किलोमीटर देणारी पेट्रोल स्कूटर किलोमीटरमागे ५० ग्रॅम कार्बन सोडते. इलेक्ट्रिक स्कूटर कोळशाच्या विजेवर चार्ज केली तरी साधारण निम्मा, म्हणून पुढची दुचाकी इलेक्ट्रिकच घ्यावी. चारचाकीत हा फरक इतका मोठा नाही. तिथे गाडीत किती माणसं बसतात हे जास्त महत्त्वाचं. मुंबईहून रत्नागिरीला चौघं एका गाडीतून गेले, तर माणशी हिशेब ठीकठाक पडतो. एकटा माणूस तीच गाडी रोज अंधेरीला नेतो तेव्हा तो बिघडतो. गणपतीला गावी जाताना तिकीट मिळालं (मिळालं तर!) तर रेल्वेसारखं काहीच नाही. कोकण रेल्वेच्या पूर्ण मार्गाचं विद्युतीकरण २०२२ मध्ये झालं आहे.

ओला कचरा

मुंबईचा देवनार असो की पुण्याचा उरुळी-फुरसुंगी, कचराडेपोत ढिगाखाली दबलेलं अन्न हवेविना कुजतं आणि मिथेन सोडतं. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या २७–२८ पट उष्णता अडवतो. घरी किंवा सोसायटीत खत करा, पण टोपल्याला भोकं हवीत. प्रत्येक थरावर सुका पाला किंवा कोकोपीट आणि मधूनमधून आंबट ताक टाका. हवा मिळाली नाही तर तिथेही मिथेनच होणार. वास आला की समजा, ओलं जास्त झालंय.

शेवटी छत

एक किलोवॉट सोलरला छतावर साधारण १०० चौरस फूट जागा लागते. महाराष्ट्रात त्यातून दिवसाला सरासरी ४ युनिट मिळतात, म्हणजे वर्षाला जवळपास एक टन कार्बन कमी. स्वतंत्र घराला पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटना किलोवॉटमागे ३०,००० रुपये, आणि ३ किंवा जास्त किलोवॉटसाठी एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. सोसायटीच्या सामाईक मीटरसाठी ते किलोवॉटमागे १८,००० आहे.

पंखे आणि एसीची गळती आधी उरकली असेल, तर तीनऐवजी दोन किलोवॉटमध्ये भागू शकतं. म्हणून हे काम शेवटी ठेवलं. बिलावरचा मंजूर भार (तुमच्या जोडणीला किती किलोवॉट मंजूर आहेत तो आकडा) बघा. विक्रेता योजनेच्या पोर्टलवर नोंदलेला हवा आणि पॅनेल भारतीय बनावटीच्या सेलचं, नाहीतर अनुदान अडतं. पाण्याच्या टाकीची सावली सकाळी नऊ आणि दुपारी चार वाजता कुठे पडते ते छतावर जाऊन स्वतः बघा. विक्रेत्याच्या नकाशात ती बरेचदा नसते.

सोसायटीत प्रश्न पैशांपेक्षा सर्वसाधारण सभेचा असतो. वरच्या मजल्यावरचे ‘स्लॅब गळेल’ म्हणतात, पापड-कुरडया वाळवणारे जागेचं विचारतात. दोन्ही शंका खऱ्या आहेत. आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या, पॅनेलचा सांगाडा माणूस खालून चालू शकेल इतका उंच ठेवा आणि लिफ्ट-पंपाचं वर्षभराचं बिल सभेपुढे ठेवा. ठराव मंजूर होताना इतिवृत्तात एक ओळ नक्की लिहून घ्या: पॅनेल महिन्यातून दोनदा धुणार कोण.