संघ घट्ट करावा की सैल: शेजारी देशांच्या वादातले दावे कसे तपासावेत

शेजारी देशांचा राजकीय संघ अधिक घट्ट करावा की सैल, असा वाद पेटला की दोन्ही बाजूंचे वक्ते लगेच सार्वभौमत्व, ऐक्य आणि अस्मितेवर येतात. वाचकाने मात्र आधी एवढेच विचारावे की कोणता अधिकार कोणाकडून काढून कोणाकडे द्यायचा आहे. सीमाशुल्क, चलन, सीमेवरची तपासणी, परराष्ट्र धोरण आणि लष्कर हे निरनिराळे अधिकार आहेत आणि त्यांतला एक सामायिक केला म्हणून बाकीचे आपोआप सामायिक होत नाहीत. आयर्लंडमध्ये युरो चालतो, पण तो देश शेंगेन क्षेत्रात, म्हणजे आपसातल्या सीमांवर पासपोर्ट तपासणी नसलेल्या देशांच्या गटात, नाही. उलट नॉर्वे युरोपीय संघाचा सदस्य नसूनही शेंगेनमध्ये आहे. त्यामुळे केवळ ‘आणखी एकजूट हवी’ किंवा ‘आपला कारभार परत हवा’ एवढेच म्हणणाऱ्याकडून त्या अधिकारांची यादी मागावी.

त्यानंतर निर्णय कसे होतात ते पाहावे. माझ्या मते या वादात सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी बोलली जाणारी बाब हीच आहे. युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेत बहुतेक कायद्यांसाठी किमान 55 टक्के सदस्य देशांचा पाठिंबा लागतो आणि त्या देशांत संघाची किमान 65 टक्के लोकसंख्या असावी लागते; करआकारणी, परराष्ट्र धोरण आणि नव्या सदस्याचा प्रवेश यांसाठी मात्र साधारणपणे सर्वांचे एकमत लागते. परराष्ट्र धोरणातला नकाराधिकार काढून टाकावा ही सूचना म्हणूनच वरवर तांत्रिक दिसली, तरी तिच्यामुळे लहान देशाचे वजन पुष्कळ बदलते.

पैशांच्या आकड्यांबाबत कोणत्याच बाजूला सवलत देऊ नये. 2016 साली ब्रिटनमध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने, दर आठवड्याला 35 कोटी पौंड संघाकडे जातात असा प्रचार झाला; त्या आकड्यातून ब्रिटनला मिळणारी सूट वजा केलेली नव्हती आणि संघाकडून परत येणारी रक्कमही धरलेली नव्हती. दुसरीकडे, बाहेर पडण्याचा कौल मिळताच मंदी येईल हे सरकारी अर्थखात्याचे भाकीतही त्या वर्षी खरे ठरले नाही. तेव्हा एकूण रक्कम आणि निव्वळ रक्कम, तसेच तात्काळ परिणाम आणि दीर्घकालीन परिणाम वेगवेगळे मांडून घ्यावेत.

संघ सैल करण्याची मागणी असेल, तर जुन्या व्यवस्थेच्या जागी काय येणार हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. नॉर्वेसारखा देश युरोपच्या सामायिक बाजारपेठेत राहतो, तिचे नियम पाळतो आणि पैसेही देतो, पण ते नियम ठरवताना त्याला मत नसते. ग्रीनलँडने 1982 साली युरोपीय समुदायातून, म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपातून, बाहेर पडण्याचा कौल दिला. वाटाघाटी मुख्यतः मासेमारीवरच असूनही प्रत्यक्ष बाहेर पडायला 1985 उजाडले. ब्रिटनच्या बाबतीत तर उत्तर आयर्लंड आणि आयर्लंड यांच्यातली सीमा हा सर्वांत किचकट प्रश्न ठरला, आणि मतदानापूर्वी ब्रिटनच्या बहुतांश भागात त्याची फारशी चर्चाच नव्हती.

सदस्यांच्या आकारातली तफावतही पाहावी. 1958 साली स्थापन झालेल्या, कॅरिबियन बेटांच्या वेस्ट इंडिज संघराज्यात जमैका सर्वांत मोठा सदस्य होता; त्याने 1961 च्या सार्वमतात बाहेर पडण्याचे ठरवले आणि पुढच्याच वर्षी संघराज्य मोडले.

सार्वमताचे आकडे वाचताना ते कोणत्या प्रदेशाचे आहेत हे विसरू नये. 2016 मध्ये संपूर्ण ब्रिटनमध्ये 51.9 टक्क्यांनी बाहेर पडण्याला मत दिले, पण स्कॉटलंडमध्ये 62 टक्क्यांनी संघात राहण्याला. शिवाय पहिला नकार नेहमी अखेरचा नसतो. डेन्मार्कने युरोपीय संघाची स्थापना करणारा मास्ट्रिख्ट करार 1992 मध्ये फेटाळला आणि काही विषयांतून सूट मिळाल्यावर 1993 मध्ये स्वीकारला. फ्रान्स आणि नेदरलँड्सच्या मतदारांनी 2005 मध्ये युरोपीय राज्यघटनेचा करार नाकारला, तरी त्यातला बराच मजकूर पुढे लिस्बन करारात आला आणि तो दोन्ही देशांत संसदेनेच मंजूर केला. म्हणून मतपत्रिकेवरील प्रश्नाबरोबरच, कौल देशावर बंधनकारक आहे की केवळ सल्ला आहे आणि पुढच्या करारासाठी पुन्हा मतदारांना विचारले जाणार आहे का, हेही मतदानापूर्वीच तपासून घ्यावे.