हळवं भात कापणीला आलं, आधी कटरचा फुगा आणि फिल्टर बघा

शहापूर, मुरबाड, भिवंडीकडची हळवी, म्हणजे लवकर पिकणारी भातं सप्टेंबरअखेरीपासून पिकू लागतात आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस दुपारनंतर डोंगरावरून गडगडत उतरतो. मध्ये उघडीप मिळते ती दोन-तीन दिवसांची. त्यातला एक दिवस कटर चालू होईना म्हणून दोरी ओढण्यात गेला, की भात आडवं होतं आणि पाण्यात टेकलेल्या लोंबीला कोंब फुटतात.

कारण दरवर्षी तेच. जुलैत बांध साफ झाले की ब्रश कटर, म्हणजे गवत-भात कापायचं पेट्रोलचं यंत्र, टाकीतल्या पेट्रोलसकट माळ्यावर जातो आणि थेट कापणीच्या सकाळी खाली उतरतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतली ओल ओढतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ओलीला काय तोटा! ओल जास्त झाली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं. पेट्रोल ओढणारा फिल्टरही तळाशीच असतो. उरलेलं पेट्रोल सुकून कार्बोरेटरच्या, म्हणजे पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाच्या, बारीक भोकांत चिकटा धरतं, आतला पातळ पडदा ताठ होतो.

म्हणून कापणीच्या आठ दिवस आधी, आजच, यंत्र खाली काढा. जुनं पेट्रोल पारदर्शक बाटलीत ओतून दहा मिनिटं ठेवा. तळाशी थर दिसला किंवा वार्निशसारखा वास आला, तर ते वापरू नका. वासाची ही खूण पुस्तकातली नाही, पण शेतात सहसा चुकत नाही. जुन्यात नवं मिसळून भागवू नका.

टू-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं असतं. त्याला बहुतेक कंपन्या 1:50 प्रमाण देतात, म्हणजे 1 लिटर पेट्रोलला 20 मिली टू-टी तेल. काही यंत्रांना 1:25 म्हणजे 40 मिली लागतं. आपल्या यंत्राची पुस्तिका बघा. मिश्रण महिनाभर पुरेल एवढंच करा. फोर-स्ट्रोकला साधं पेट्रोल. त्याचं तेल वेगळं असतं, पट्टीवर पातळी बघा.

आता फुगा, म्हणजे प्रायमर, चालू करण्याआधी दाबून पेट्रोल ओढायचा. ताजं पेट्रोल भरून तो 6-7 वेळा सावकाश दाबा. पेट्रोल दिसलं आणि परतीच्या नळीतून टाकीत जाऊ लागलं, की पुरे. दाबलेला फुगा चपटाच राहिला, तर टाकीतला फिल्टर तुंबलाय. बुडबुडे थांबतच नसतील, तर नळी चिरली आहे. टाकीत शिरते तिथे वाकवून बघा. फुगाच दाबायला घट्ट लागला, तर परतीची वाट बंद आहे. अशी चिरलेली नळी घेऊन तसंच चालवलं, की हवा जास्त, पेट्रोल कमी. इंजिन तापून पिस्टन धरतो.

दुकानदार अशा वेळी थेट नवा कार्बोरेटर पुढे करतो, जोडीला ‘पेट्रोल सुधारणारी’ बाटली. आधी नळी, फुगा आणि टाकीतला फिल्टर बदला. हे तिन्ही मिळूनही कार्बोरेटरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. तरीही चालू झालं नाही, तर कार्बोरेटरच्या पडद्यांचं किट मागा. त्या बाटलीने कुजलेलं पेट्रोल ताजं होत नाही.

एअर फिल्टर स्पंजचा असेल, तर कोमट साबणाच्या पाण्यात दाबून धुवा, पिळू नका, सावलीत पूर्ण वाळवा. पुस्तिकेत तेल लावायला सांगितलं असेल, तर चार थेंब लावून जादा तेल कापडात दाबून काढा. कागदी फिल्टर धुवायचा नाही. हलका आपटून धूळ झाडा, कॉम्प्रेसरचा जोर तर नकोच, कागद फाटतो. भात कापताना तूस आणि कुसळं एवढी उडतात, की पुस्तिकेतले तास बाजूला ठेवा आणि रोज संध्याकाळी झाकण उघडा. काळा धूर, काळा प्लग आणि भार येताच बसणारा आवाज, या तिन्हींत पहिला संशय फिल्टरवर घ्या. ‘फिल्टर काढला की जोर येतो’ म्हणून तसंच चालवणाऱ्याची रिंग आणि सिलिंडर धूळ खरवडून टाकते.

बाकी कामं:
- कापणीआधी 8-10 दिवस खाचरातलं पाणी काढणे
- 80-85 टक्के दाणे पिकल्यावर कापणी
- बुंध्याशी तुडतुडे बघणे; चुडाला 5-10 ही धोक्याची पातळी
- साठवणीआधी दाणे 12-14 टक्के ओलाव्यापर्यंत वाळवणे
- विळ्यांना धार

हळवं उरकून गरव्याला, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या भाताला, हात लावेपर्यंत बरेच दिवस जातात, आणि तेवढ्यात यंत्र पुन्हा भरल्या टाकीने कोपऱ्यात जातं. टाकी रिकामी करा, फुगा दाबून नळीतलं पेट्रोल काढा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या आणि मगच माळ्यावर टाका.