एचआयव्ही आणि मेंदूचा टीबी : या चुका टाळा

एचआयव्ही असलेल्या माणसाच्या मेंदूच्या आवरणाला टीबी होतो, तेव्हा सुरुवातीचे आठवडे अगदी साधे वाटतात. बारीक ताप, डोकेदुखी, अन्नावरची वासना जाणं. घरचे पित्ताची गोळी देतात. पुढे उलट्या होतात, माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, तरी ‘टेन्शन घेतलंय’ म्हणून दिवस जातात. सीडी-४ (रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची संख्या) २००च्या खाली असेल किंवा एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या, गोळ्या सुटल्या असतील, तर आठवडाभर न थांबलेली डोकेदुखी कृपा करून साधी समजू नका. मान आखडायची वाट पाहू नका. काहींची ती आखडतच नाही. एकाचे दोन दिसू लागले, गुंगी वाढली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. शुद्ध हरपल्यावर उपचार सुरू झाले तर जीव वाचवणं फार अवघड होतं.

मेडिकलमधून परस्पर लिव्होफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणू नका. त्याने टीबी थोडा दबतो आणि निदान लांबतं.

सगळ्यात महागात पडतो तो पाठीतलं पाणी काढायला दिलेला नकार. ‘पाय लुळे पडतील’ ही भीती मी समजू शकतो, पण सुई मज्जारज्जू संपतो त्याच्याही खाली टोचतात. काहींचं नंतर थोडे दिवस डोकं दुखतं, इतकंच. क्रिप्टोकॉकस नावाच्या बुरशीची लक्षणंही अशीच असतात आणि औषधं मात्र वेगळी. दोन्हींतला फरक या पाण्याच्या तपासणीतूनच कळतो. सीबीनॅट ही टीबीचे जंतू शोधणारी चाचणी निगेटिव्ह आली म्हणजे टीबी नाही, असंही नसतं. पाण्यात जंतू फार थोडे असतात. म्हणून पाण्यातल्या पेशी, प्रथिनं आणि साखर पाहून डॉक्टर उपचार सुरू करतात. तेव्हा अडवू नका.

नव्या डॉक्टरांपासून एचआयव्ही लपवू नका. रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण घटतं, म्हणून डोल्युटेग्राविरची ५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा लागते. तुमची माहिती संमतीशिवाय उघड करायला २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे.

एआरटी नव्यानेच सुरू व्हायची असेल, तर टीबीच्या औषधांनंतर साधारण ४ ते ८ आठवडे थांबतात. ती हयगय नव्हे. प्रतिकारशक्ती एकदम जागी झाली तर मेंदूची सूज वाढू शकते. एआरटी आधीपासून चालू असेल तर ती स्वतःहून बंद करू नका.

आणि दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून टीबीची औषधं सोडू नका. मेंदूच्या टीबीला ९ ते १२ महिने लागतात. डोळे पिवळे दिसले किंवा डोकेदुखी परतली, तर लगेच एआरटी केंद्रात दाखवा. शंका असेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे.