ईएसआयसी कटतेय ना? मग घरचे बरे आहेत तोवरच एवढं करून ठेवा

आमच्याकडे चाकणला नवीन पोरगा लागला की पहिला पगार झाल्यावर मी त्याला स्लिप उघडायला लावतो, ईएसआयसीच्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याच्या, नावाने पैसे कट झालेत का ते आधी बघ म्हणतो. पगार 16,000 असेल तर तुमचे 0.75 टक्के म्हणजे 120 रुपये जातात आणि मालक वरून 3.25 टक्के म्हणजे 520 भरतो. 21,000 पर्यंत पगार असलेल्यांना हे लागू आहे, मध्येच पगारवाढ होऊन त्याच्या वर गेलात तरी तो सहा महिन्यांचा टप्पा (एप्रिल ते सप्टेंबर किंवा ऑक्टोबर ते मार्च) संपेपर्यंत चालू राहतं. एवढ्याशा पैशात बायको, पोरं आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आई-वडील सगळ्यांचे उपचार होतात, आणि मेडिक्लेमसारखं "तीन लाख संपले, आता तुमचं तुम्ही बघा" असं इथे नसतं.

स्लिप बघितली की इन्शुरन्स नंबर मागून घ्या, दहा आकडी असतो. कामावर लागल्यापासून दहा दिवसांत नोंदणी करायची जबाबदारी मालकाची आहे, त्यामुळे ठेकेदार "होईल होईल" म्हणत असेल तर रोज विचारा, लाजू नका. आधी दुसरीकडे काम केलं असेल तर तोच जुना नंबर द्यायचा, नवीन काढायचा नाही, नाहीतर मागचे भरलेले दिवस एका नंबरवर आणि आताचे दुसऱ्यावर असं होतं आणि निस्तरता निस्तरत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, घरच्यांची नावं. दोन वर्षांपूर्वी आईला दम लागायला लागला, तिला ईएसआयसीच्या दवाखान्यात घेऊन गेलो, खिडकीवरच्या मॅडमनी स्क्रीन माझ्याकडे फिरवली तर त्यावर दोनच नावं, माझं आणि बायकोचं. फॉर्म ठेकेदाराच्या माणसाने भरला होता आणि मी कधी कार्डाची प्रिंट काढून बघितलीच नव्हती. आई बाकावर पदर तोंडाला लावून बसलेली आणि मी फोनवर आधार कार्डाचा फोटो शोधतोय, ते अजून डोळ्यासमोरून जात नाही. म्हणून सांगतो, ई-पहचान कार्डाची, म्हणजे ईएसआयसीच्या ओळखपत्राची, प्रिंट आजच काढा, प्रत्येकाचं नाव आणि जन्मतारीख आधारशी ताडून बघा, घरच्यांचा एकत्र फोटो चिकटवून कंपनीचा सही-शिक्का घ्या. बाळ झालं की त्याचं नाव लगेच टाका. बायको-पोरं गावी असतील तर तेही आधीच सांगा, त्यांना तिकडचा दवाखाना जोडून मिळतो.

तुमचा दवाखाना कुठला ते कार्डावर असतं, एकदा सुट्टीच्या दिवशी नुसतं जाऊन बघून या. साध्या आजाराला तिथेच जायचं, तिथून गरज पडली तर मोठ्या हॉस्पिटलला पाठवतात, चिंचवडला मोहननगरचं आहे, बिबवेवाडीचं आहे, आणि तिथेही सोय नसेल तर खाजगी हॉस्पिटलसाठी रेफर लेटर मिळतं. ते लेटर हातात नसताना प्लॅन केलेल्या ऑपरेशनला परस्पर खाजगीत भरती होऊ नका, बिल अंगावर येतं. जीवावरचं असेल तर मात्र जवळ जे असेल तिथे न्या आणि लगेच ईएसआयसीच्या ऑफिसला कळवा.

बँक पासबुकाची झेरॉक्स फाईलला लावा, कारण आजारपणात घरी बसलात तर वर्षाला 91 दिवसांपर्यंत सरासरी पगाराच्या 70 टक्के पैसे मिळतात, त्यासाठी आधीच्या सहामाहीत निदान 78 दिवसांचे पैसे भरलेले लागतात. एप्रिल ते सप्टेंबरचे भरलेले दिवस पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये कामी येतात, ऑक्टोबर ते मार्चचे जुलै ते डिसेंबरमध्ये, हे डोक्यात ठेवून हजेरीचे दिवस मोजत चला. बाळंतपणाला 26 आठवड्यांचा पूर्ण पगार आहे, त्याला आधीच्या दोन टप्प्यांत मिळून 70 दिवसांचे पैसे भरलेले लागतात. कामावर अपघात झाला तर असली दिवसांची अट नाही, पहिल्या दिवशी बोट मशीनमध्ये गेलं तरी पगाराच्या 90 टक्के मिळतात, फक्त अपघाताची नोंद त्याच दिवशी रजिस्टरला करून घ्या, "घरी लागलं" असं कोणी लिहायला सांगितलं तर अजिबात लिहू नका.

नोकरी सोडताना शेवटच्या महिन्यापर्यंतचे पैसे भरलेत का ते ईएसआयसीच्या पोर्टलवर बघून मगच गेट पास जमा करा.